इसेनहाइमचं कपाट

बाबांना चित्रांतलं काही कळत नाही. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच सांगतात, आणि वर जरा मिरवत सांगतात. सगळं आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं. कालवा कुठून निघाला आणि कुठे पोचला एवढं कागदावर दिसलं की त्यांचं भागतं. असा माणूस गेल्या हिवाळ्यात इकडे परदेशात, आमच्या कॅसल हिलच्या लायब्ररीत नोटीसबोर्डापुढे उभा राहिला आणि मला म्हणाला, "गुरुवारी मला इथे घेऊन ये." बोर्डावर एक रंगीत पत्रक होतं. दर गुरुवारी सकाळी चित्रावर गप्पा, चार आठवडे एकच चित्र, चहा-बिस्किटं फुकट.

"तुम्हाला काय करायचंय चित्राशी?" मी विचारलं.

"मला काही नाही. दादाला सांगायचंय."

दादा म्हणजे माझे काका, बाबांचे थोरले भाऊ. मिरजेच्या एका शाळेत त्यांनी निवृत्तीपर्यंत चित्रकला शिकवली. शाळेत एक जाड परदेशी पुस्तक होतं, त्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा एक काळापांढरा फोटो, क्रुसावरच्या येशूचा. काका तो भिंग लावून मुलांना दाखवायचे. बाकी काही बघू नका, हाताची बोटं बघा, म्हणायचे. खिळे ठोकलेल्या तळव्यांतून बोटं फाकून आभाळाकडे ताठ झालेली. सुट्टीत मिरजेला गेलं की मलाही बघायला लागायचं, आणि मला ते मुळीच आवडायचं नाही. पत्रकावर तेच चित्र होतं. बाबांनी बोटांवरून ओळखलं.

काकांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि वाचा गेली होती. ऐकू यायचं, समजायचं, आणि डाव्या हाताने फोनवर अंगठ्याचं चित्र पाठवता यायचं. बाबा रोज संध्याकाळी त्यांना व्हॉट्सअॅपवर बोलून निरोप पाठवत आणि काकांचा उत्तरादाखल अंगठा येई. बाबा-आई आमच्याकडे काही महिन्यांसाठी म्हणून आले होते, पण इथे आल्यावर बाबांच्या छातीत दुखलं आणि बायपास झाली. डॉक्टरांनी इतक्यात विमानप्रवास नको म्हणून सांगितलं. जड उचलायचं नाही आणि मनाला धक्का बसेल असं काही होऊ द्यायचं नाही, हेही सांगितलं. ह्यातल्या शेवटच्या गोष्टीची आईने मनाशी खूणगाठ बांधली.

तर मी दर गुरुवारी घरून काम घेतलं. नवरा प्रोजेक्टसाठी पर्थला होता, त्यामुळे ने-आण माझ्याकडेच होती. व्याख्यान देणाऱ्या बाई इथल्याच कुठल्यातरी हायस्कुलातून निवृत्त झालेल्या. बोलणं झरझर, शब्दांची शेपटं तोंडातच राहायची. बाबांना ओ की ठो कळेना. मग मी शेवटच्या रांगेत त्यांच्याशेजारी बसून, एका डोळ्याने लॅपटॉपवरची ऑफिसची मीटिंग बघत, त्यांच्या कानात मराठीतून सांगायला लागले. बाईंना सांगितलं की वडिलांना इंग्लिश कमी समजतं, त्रास होत असेल तर बाहेर बसतो. त्या म्हणाल्या, "नो वरीज, लव्ह."

इसेनहाइम हे फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमेवरचं खेडं. पाचशे वर्षांपूर्वी तिथे साधूंचा मठ होता आणि मठाला जोडून दवाखाना. त्या मुलखात तेव्हा एक भयंकर रोग होता, लोक त्याला पवित्र आग म्हणायचे. अंगाचा दाह व्हायचा, नाही नाही ते भास व्हायचे, मग हातपाय काळे पडून झडायचे. तिकडे गरीब लोक राय नावाच्या धान्याची भाकरी खात. ओल्या वर्षी त्या धान्यावर बुरशी धरायची आणि रोग त्या बुरशीतून यायचा, हे फार उशिरा कळलं.

"म्हणजे आपल्याकडे बाजरीवर येतो तो अरगट," बाबा म्हणाले. त्यांना एवढं एक ओळखीचं सापडलं आणि ते खुर्चीत सावरून बसले. मी पुढे सांगत राहिले. मठात चांगल्या धान्याची भाकरी मिळायची, त्याने काही लोक बरे व्हायचे. काहींचे हातपाय साधू कापून काढायचे. उरलेले तिथेच मरायचे.

ह्या मठाने चर्चच्या वेदीमागे उभं करायला एक प्रचंड चित्र करून घेतलं. लाकडी फळ्यांवर रंगवलेलं, आणि फळ्यांना बिजागऱ्या. बाहेरची दारं उघडली की आत दुसरी चित्रं, तीही उघडली की अगदी आत लाकडात कोरलेले संत. बाबांनी तिथल्या तिथे त्याला कपाट असं नाव ठेवलं आणि शेवटपर्यंत तेच वापरलं.

एरवी कपाट बंद असे. बंद दारांवर तो क्रुसावरचा येशू. अंग हिरवट पडलेलं, अंगभर फोड, कातडीत मोडलेले काटे, पाय सुजून विद्रूप झालेले. आम्ही ते पडद्यावर भिंतभर बघितलं आणि पुढच्या रांगेतल्या एक आजी उठून चहा घ्यायला गेल्या. नवीन रोगी मठात आला की साधू त्याला आधी ह्या चित्रापुढे आणायचे, औषधपाणी त्यानंतर.

बाबांना हे पटेना. "आजारी माणसाला असलं दाखवतात? आपल्याकडे दवाखान्यात गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर लावतात. विचार त्यांना."

मी विचारलं. बाई म्हणाल्या, त्या माणसांना आपलेच फोड देवाच्या अंगावर दिसायचे. आपल्याला काय झालंय हे इथे कुणी आपल्यापासून लपवत नाही, एवढं त्यांना कळायचं. मी ते जसंच्या तसं बाबांना सांगितलं. तेव्हा मला त्यात अडखळण्यासारखं काही नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबांनी काकांना लांबलचक निरोप पाठवला. बोटं रंगीत कशी दिसतात, अरगट, बिजागऱ्या, सगळं. अंगठा आला.

शनिवारी दुपारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते तेव्हा चुलत भावाचा मिरजेहून फोन आला. काका पहाटे गेले होते, झोपेतच. तो एवढंच सांगू शकला, मग त्याच्या मागे कुणीतरी रडायला लागलं. आई दारात आली, तिने माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता ओळखलं. फोन माझ्या हातातून घेतला, दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि चुलत भावाला म्हणाली, "आत्ता ह्यांना कळवायचं नाही. तू रोजच्यासारखं चालू दे."

"आई, त्यांचा भाऊ गेलाय."

"म्हणूनच," आई म्हणाली. "तू डॉक्टरांसमोर बसली होतीस ना? की मी एकटीनेच ऐकलं?"

मला रडू आलं नाही, संताप आला. आईचा, डॉक्टरांचा, त्या दोरीवरच्या ओल्या कपड्यांचासुद्धा. पण बाबांच्या छातीवरचे टाके मी रोज बघत होते. माझ्यात आईशी भांडायची ताकद होती, तिचं चुकलं हे सिद्ध करायची नव्हती. मी उरलेले कपडे दोरीवर टाकले.

आईने दुपारी पुन्हा डोक्यावरून अंघोळ केली. बाबांनी विचारलं तर म्हणाली, केसांवर तेल सांडलं. दुसऱ्या दिवसापासून ती देवघराकडे फिरकेना. फुलं मला काढायला लावायची, वाती मला वळायला लावायची, आपले गुडघे धरलेत म्हणून सांगायची. मला हे समजायला दोन दिवस लागले. दीर गेला म्हणून ती सुतक पाळत होती. दहा दिवस देवाला शिवायचं नाही, गोडधोड करायचं नाही. कुणाला कळू न देता ती आपलं सगळं नीट पाळत होती. आणि ज्याचा सख्खा भाऊ गेला तो माणूस रोज सकाळी अंघोळ करून, थंडीत उघड्या अंगाने, माझ्या देवघरापुढे बसून घंटा वाजवत होता. मी ह्यातलं काही मानत नाही. लग्न झालेल्या मुलीला काकाचं दहा दिवसांचं सुतक येतही नाही. तरी ती घंटा वाजली की मी स्वयंपाकघरातला नळ सोडायचे.

त्या शनिवारीही संध्याकाळी बाबांनी निरोप पाठवला होता आणि थोड्या वेळाने अंगठा आला होता. मी गाडीत जाऊन चुलत भावाला फोन केला.

"तू पाठवलास?"

"मग काय करू? काकू म्हणाली, रोजच्यासारखं चालू दे." तो खूप थकलेला वाटत होता. "घर माणसांनी भरलंय. एकीकडे मी बाबांचं सगळं करून आलोय, आणि एकीकडे बाबांच्या फोनवरून अंगठे पाठवतोय. मला बरं वाटत असेल का?"

त्याला बोलण्यात अर्थ नव्हता. मी सॉरी म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या गुरुवारी बाई अजून बंद दारांवरच होत्या. क्रुसाच्या एका बाजूला एक संत उभा आहे, हातात पुस्तक, आणि लांबच लांब बोट येशूकडे रोखलेलं. बाई म्हणाल्या, ह्या संताचं डोकं तर ह्याच्या कितीतरी आधी उडवलं होतं, तो तिथे असणं शक्यच नाही. चित्रकाराला हे ठाऊक होतं, तरी त्याने उभा केला. मला हे वाक्य बाबांच्या कानात सांगायचं होतं. मी आधी घोटभर पाणी प्यायले.

बाबा मात्र खूश. "मेलेला साक्षीदार," ते म्हणाले. "कोर्टात नाही चालणार."

खालच्या बाजूला एक आडवी फळी आहे, तिच्यावर येशूला थडग्यात ठेवतायत. ती मधोमध सरकवून उघडली की त्याचे पाय गुडघ्यापाशी धडापासून वेगळे होतात. समोर बसलेल्यांपैकी कितीजणांचे पाय त्याच मठात कापलेले असायचे. आणि ज्याने हे सगळं रंगवलं, त्याचं नावच पुढे लोक विसरले. कित्येक पिढ्या चित्र दुसऱ्या एका नामांकित चित्रकाराच्या नावावर खपत होतं.

संध्याकाळी पाचला अंधार पडतो इथे हिवाळ्यात, आणि आमच्या घरात गारठा भिंतींतून येतो. मी स्वयंपाकघरात दुधी चिरत होते. बाहेरच्या खोलीत बाबा फोन तोंडाजवळ धरून बोलत होते. "दादा, एक गंमत ऐक. मेलेला माणूस उभा केलाय चित्रात. तुझ्या पुस्तकात तो एवढासा होता, तू आम्हाला हे कधी सांगितलं नाहीस." मग फोन वाजला. "आला बघ अंगठा," ते आईला म्हणाले. आई पोळ्या लाटत होती, तिने मान वर केली नाही.

तिसऱ्या गुरुवारी बाईंनी दारं उघडली. सणावारीच उघडायचे म्हणे. आत सगळं लखलखीत. वाद्यं वाजवणारे देवदूत, मांडीवर बाळ घेतलेली आई, आणि उजवीकडे थडग्यातून उठलेला येशू, मागे मोठं पिवळंलाल तेज, आणि कातडी स्वच्छ. खिळ्यांच्या खुणा तेवढ्या राहिल्यात, एक फोड नाही. बाबा मान वाकडी करून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "दादाला हे दिसायला पाहिजे. ह्याचा फोटो नव्हता त्या पुस्तकात."

मी त्यांचा हात धरला. माझ्या मनात आलं, त्या साधूंना जमलं ते आम्हाला जमत नाही. हातपाय झडलेल्या परक्या माणसांना ते बंद दारांसमोर बसवत होते, आणि बरं काहीतरी दाखवायचं ते सणापुरतं. आम्ही आमच्या माणसाला उठता बसता उघडं कपाट दाखवत होतो. मला आमची लाज वाटली. त्या रात्री मी आईला म्हटलं, आता सांगू या, टाके सुकलेत. आई म्हणाली, "पुढच्या चेकअपनंतर." मी म्हटलं, "आणि मग त्याच्या पुढच्या?" ती म्हणाली, "तुला सांगायचं असेल तर सांग. पण त्यांना काही झालं, तर मला तोंड दाखवू नकोस." ती हे रागाने बोलली नाही. घाबरून बोलली, म्हणून मी विषय तिथेच सोडला.

शेवटच्या गुरुवारी चित्राची पुढची वाताहत होती. फ्रान्समध्ये क्रांती झाली, मठ बंद पडला, साधू पांगले. कपाट सुटं करून जवळच्या कोलमार गावात नेलं, वरचं कोरीव काम त्या धामधुमीत नाहीसं झालं. पुढे एका जुन्या मठाचं म्युझियम झालं, तिथे ते ठेवलं. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी ते जपण्यासाठी म्हणून म्युनिकला हलवलं, आणि तिथे ते बघायला लोकांची रीघ लागली. त्यात आघाडीवरून परतलेले सैनिक होते, कुबड्यांवर, कुणाला पाय नाही, कुणाला हात नाही. पुन्हा तेच लोक पुन्हा त्याच चित्रासमोर. दुसऱ्या युद्धात ते किल्ल्याकिल्ल्यांतून लपवत फिरवलं. आणि आत्ता काही वर्षांपूर्वी त्याच्यावरचं जुनं पिवळं पडलेलं व्हार्निश काढलं, तर इतकी वर्षं लोक काळंकुट्ट समजत होते त्या आभाळात निळा रंग सापडला.

निरोप घेताना बाईंनी सगळ्यांना जाड कागदाचा एकेक नमुना दिला. कापायचा, घड्या घालायच्या, चिकटवायचा, की छोटं कपाट तयार, दारं उघडतात मिटतात. बाबांनी दोन दिवस खपून तो केला. माझी लेक एकदा बघून म्हणाली, "आजोबा, दॅट्स द राँग वे अराउंड," तेव्हा त्यांनी एक दार उचकटून पुन्हा नीट लावलं. आणि रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ते टेबलाशी बसले, डाळीच्या डब्याला फोन टेकवून ठेवला आणि मला म्हणाले, "मिरजेला व्हिडिओ कॉल लाव. दादाला दाखवतो."

मी लावला. चुलत भावाने उचलला नाही.

"पुन्हा लाव."

पुन्हा लावला. आई आतून म्हणाली, "रेंज नसेल."

"मिरजेत रेंज नाही?" बाबा म्हणाले. "काल संध्याकाळी अंगठा आला ना. परत लाव." त्यांनी कपाट फोनसमोर सरळ धरलं होतं, दारं मिटलेली, उघडून दाखवायच्या तयारीत.

मी फोन उचलून उलटा ठेवला. "बाबा, काका गेले."

आई बाहेर आली. तिच्या मुठीत जिभेखाली ठेवायची गोळी होती. बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. छातीला हात लावला नाही, घाम फुटला नाही, काही झालं नाही.

"कधी?"

"पहिल्या गुरुवारनंतरच्या शनिवारी. झोपेतच गेले."

"मग अंगठे कोण पाठवत होतं?"

मी सांगितलं. ते ऐकून त्यांनी मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. कागदाचं कपाट टेबलावर ठेवलं, उठले आणि अंघोळीला गेले. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. आई गोळी घेऊन बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहिली आणि मधून मधून "अहो" म्हणत राहिली, आणि आतून ते प्रत्येक वेळी "आहे" म्हणत राहिले.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोक्यातून पाणी गळत होतं. सोफ्यावर बसले. मला म्हणाले, "उद्यापासून पूजा तू कर. मी इतके दिवस शिवलो देवाला."

"तुम्हाला माहीत नव्हतं, त्याला दोष नाही," आई घाईघाईने म्हणाली. ती टॉवेल घेऊन त्यांचं डोकं पुसायला लागली होती. "आणि उशिरा कळलं की तीनच दिवस असतं. तीन दिवस पाळा, की झालं."

बाबांनी तिचा हात धरून थांबवला. "तू पाळलंस?"

आई हातातल्या टॉवेलकडे बघायला लागली.

"गुडघे गुडघे करत होतीस, तेव्हा पाळत होतीस?"

"हो."

"पुरे दहा दिवस?"

"हो," आई म्हणाली आणि रडायला लागली.

बाबा तिच्यावर ओरडले नाहीत. तिच्या हातातून टॉवेल घेतला, स्वतःचं डोकं स्वतः पुसलं, आणि एखादी साधी गोष्ट समजावून सांगावी तसं म्हणाले, "तुझा दीर होता, त्याच्यासाठी तू दहा दिवस घेतलेस. माझा भाऊ होता. मला तीन ठेवलेस."